तेरावा तुकडा

बुधवारी सकाळी सव्वासातला तिसऱ्या नंबरचा तुकडा उघडला नव्हता. मी वहीत तेवढंच लिहिलं आणि पुढे वेळ टाकली.

बाकीचे अकरा उघडे होते. एकेक तुकडा बोटाच्या पेराएवढा, सिमेंटच्या गोल चकतीवर चिकटवलेला. त्याच्या अंगावर मोहरीच्या दाण्याएवढे जीव दाटीवाटीने राहतात. सकाळी दिवा लागला की ते आपापल्या बिळातून बारीक बारीक हात बाहेर काढतात आणि तुकडा केसाळ दिसायला लागतो. त्याला मी ‘उघडला’ म्हणते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, दगडाचं घर बांधून राहणारा प्राणी, हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की आता आत्याच पाहुण्यांना आधी सांगून टाकायची, “ते दगड नाहीत हं. आमच्याकडे बारा प्राणी आहेत, एकही भुंकत नाही.” आई त्यांना बटणं म्हणायची. ती शिवणकाम करते आणि टाक्या तिच्याच खोलीत होत्या, मशीनच्या समोरच्या भिंतीला, त्यामुळे नाव ठेवायचा हक्क तिचाच.

मांडणी साधी होती. लोखंडी चौकटीवर तीस-तीस लिटरच्या दोन काचेच्या टाक्या. त्यांच्या खाली प्लायच्या दाराआड तेवढीच तिसरी टाकी, तिच्यात पंप आणि हीटर. पंप पाणी वर ढकलायचा, ते दोन्ही टाक्यांतून फिरून परत खाली यायचं. वर जाणाऱ्या पाइपवर एक प्लॅस्टिकचा कॉक होता, पाण्याचा जोर कमी-जास्त करायला. हे सगळं मी सुट्टीच्या दोन दिवसांत एकटीने जोडलं होतं. बाबा दारात उभे राहून बघत होते. एक्केचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत नळ जोडले, गुडघे गेले तेव्हा थांबले. “खेळणं आहे हे,” पाइपकडे बघून ते म्हणाले होते आणि आत गेले होते. मी त्यांना हात लावू दिला नाही, कारण चौकटीखाली वाकणं त्यांना झेपलं नसतं. निदान मी तरी स्वतःला असंच सांगितलं.

एक मिटलेला तुकडा म्हणजे काळजीचं कारण नसतं. कधी एखादा जीव नुसताच आळसावतो.

गुरुवारी सकाळी चार मिटलेले होते.

मी दप्तर खांद्याला लावून निघाले होते, तेवढ्यात फोन आला. मॅडमचा. मी ज्या मत्स्यालयात दहा महिन्यांपासून सहायक आहे, तिथल्या प्रवाळ विभागाच्या त्या प्रमुख. आम्ही पोरं त्यांना मागे कासव म्हणतो, कारण त्या कधीच घाई करत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांचा श्वास लागला होता.

“मध्यरात्री वीज गेली. जनरेटर सुरू झाला, मोठ्या टाकीचा पंप झाला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, सहा तास.”

“मूळ वसाहत?”

“गेली.”

मी जिन्यात बसले. ती वसाहत एकोणतीस वर्षांची होती, छोट्या झुडपाएवढी. ज्या खडकावरून मॅडमनी ती स्वतः आणली, तो खडक पुढे बंदर रुंद करताना सुरुंग लावून उडवला गेला. त्या खडकावरचं समुद्रात आता काही उरलेलं नाही. सगळं एका टाकीत ठेवू नये म्हणून तीन महिन्यांपूर्वी मॅडमनी तिच्या फांद्यांचे बारा तुकडे कापून मला घरी वाढवायला दिले होते. एकीवर संकट आलं तर दुसरी जागा असावी, इतकाच विचार. आता दुसरी जागा हीच एक जागा झाली होती.

“तुझ्याकडचे कसे आहेत?” त्यांनी विचारलं.

चार मिटलेत. हे दोन शब्द तोंडात तयार होते. पण ज्या बाईची एकोणतीस वर्षं तासाभरापूर्वी वाहून गेली होती, तिला ते कसे सांगायचे? शिवाय, खरं सांगायचं तर, मला भीती वाटली. हे तुकडे मला मिळाले म्हणून विभागातल्या दोघा जुन्या लोकांनी आठवडाभर तोंडं फुगवली होती.

“ठीक आहेत,” मी म्हणाले.

“शनिवारी चारला येते मी. सहा घेऊन जाईन, सहा तुझ्याकडे राहू देत.” मग थोडं थांबून, “बरं झालं तुला दिले.”

त्या दिवशी मी कामावरून तपासणीचे सगळे संच पिशवीत घालून घरी आणले. क्षार बरोबर. तापमान सव्वीस. आम्लता, कॅल्शियम, अमोनिया, सगळं जिथे असायला हवं तिथे. आकडे इतके शहाण्यासारखे वागत होते की मला त्यांचा राग यायला लागला. उरला तो एकच संशय: माझ्या मागे घरातलं कुणीतरी काहीतरी केलं होतं.

जेवायला बसताना मी वही घेऊनच बसले.

“आई, तू मशीनला तेल दिलंस का या आठवड्यात?”

“दिलं. पण ते मशीनला दिलं, तुझ्या बटणांना नाही.”

“काचा पुसायचा फवारा?”

“त्या खोलीत तू बंदी घातली आहेस ना. आरसा धुळीने भरलाय, गिऱ्हाइकं त्यात बघून स्वतःला आजारी समजतात.”

“आत्या, तू हाताला क्रीम लावून पाण्यात बोट घातलंस?”

“मी?” आत्याने घास खाली ठेवला. “मी त्या खोलीत जाते तीच भिंतीला धरून. आता काय, मी बघितलं म्हणून मिटले म्हणतेस? माझं तोंड इतकंही काही वाईट नाही.”

“आत्या, मी गंमत करत नाहीये. तिकडची मोठी वसाहत मेली. हे मेले तर संपलं. जगात नाही दुसरीकडे.”

आत्याने ताट बाजूला सारलं. हे क्वचित होतं. मग बाबांनी विचारलं, “खाली बघितलंस का?”

“खाली काय?”

“नाही, खालची टाकी. दार उघडून नीट बघितलंस का, म्हटलं.”

“बाबा, पाणी एकच आहे. वरचं तपासलं की खालचं तपासल्यासारखंच.”

“बरं,” ते म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले. हाच प्रश्न त्यांनी त्या आठवड्यात आधीही दोनदा विचारला होता. म्हातारपणी माणसं तेच तेच विचारतात, असं मला वाटलं. बाबा चौसष्ट वर्षांचे आहेत. मी किती उद्धटपणे विचार करत होते ते आता लिहिताना कळतं.

जेवण झाल्यावर मी एक तृतीयांश पाणी बदललं. तासाभरात मिटलेल्यांपैकी दोघांनी हात बाहेर काढले. मी आनंदाने आत्याला ओढत आणून दाखवलं.

शुक्रवारी सकाळी नऊ मिटलेले होते आणि तिसऱ्या नंबरची कातडी सुटली होती.

प्रवाळ मरताना आवाज होत नाही, रक्त येत नाही. बुडापासून तपकिरी पापुद्रा निघायला लागतो आणि आतलं पांढरंशुभ्र हाड दिसतं. ते इतकं स्वच्छ असतं की नवख्या माणसाला सुंदर वाटेल. मी मत्स्यालयात फोन करून रजा घेतली. कारण विचारलं तेव्हा पोट दुखतंय म्हणून सांगितलं. आता दुसरं खोटं. आणखी साठ लिटर पाण्यात मीठ घालून ड्रममध्ये ढवळत ठेवलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

पाणी बदललं की बरं वाटतं आणि रात्रीत पुन्हा बिघडतं. म्हणजे विष नव्या पाण्यात नाही. विष आतच आहे आणि ते तयार होतंय. पण आत होतं काय? काच, पाणी, बारा चकत्या. वाळू नाही, दगड नाही. मी मुद्दामच काही ठेवलं नव्हतं.

साडेदहाला चौथा आणि नववा सुटायला लागले. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, रडू येईल म्हणून. आणि तिथे तेरावा होता.

तेरावा खरं तर तुकडा नव्हेच. मॅडम कापत होत्या तेव्हा कात्रीखालून करंगळीच्या नखाएवढी कपची उडाली. “फेक ती,” त्या म्हणाल्या. मी डबीत घालून घरी आणली, चकतीला चिकटवली आणि खिडकीतल्या दहा लिटरच्या बरणीवजा टाकीत ठेवली. तिला वेगळा छोटा पंप होता, वेगळा हीटर. वहीत तिचं नाव नव्हतं. रोज मोजायच्या गोष्टींत ती धरलीच नव्हती.

तेरावा सताड उघडा होता.

मी भिंगातून बघितलं. प्रत्येक जीव बाहेर, प्रत्येक हात ताठ. मीठ तेच, पाणी तेच, दिवाही त्याच पेटीतला दुसरा. खोली तीच, त्यामुळे आईचं तेल, आत्याचं क्रीम, हवेतलं जे काही असेल ते सगळं याच्याही वाट्याला आलेलं. कॉलेजात तीन वर्षं ज्या एका गोष्टीवरून आम्हाला झापलं जायचं ती ही होती: तुलनेला एक नमुना बाजूला ठेवा. तो माझ्याकडे होता, रोज पाठीमागे होता आणि मी कचरा समजून त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

मग फरक कशात? याच्या टाकीला पाइप नव्हते.

मी गुडघ्यांवर बसले आणि प्लायचं दार उघडलं.

खाली पाइपवर, जिथे माझा पांढरा प्लॅस्टिकचा कॉक होता, तिथे पितळी कॉक होता. जुना, जड, घासून लख्ख केलेला, इतका की त्यात माझा चेहरा लांबट दिसत होता. मूठ लाल रंगाने नव्याने रंगवलेली. जोडावर ताग आणि टेप इतकी सफाईने गुंडाळलेली की कुठे धागा बाहेर नाही. आणि जोडाच्या खालच्या कडेला, जिथे खारट पाण्याचा एक थेंब कधीतरी झिरपून वाळला असेल, तिथे नखाएवढी हिरवी रेघ.

बाबांच्या हत्यारांच्या पेटीत तो कॉक मी लहानपणापासून बघत होते. त्यांनी उमेदवारीत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बसवलेला. ती इमारत पाडली तेव्हा मुद्दाम जाऊन काढून आणलेला. कुणाला द्यायचे नाहीत, विकायचे नाहीत.

तांब्याचा संच पिशवीत न उघडता पडला होता. घरात तांबं कुठून येणार, म्हणून मी तो वापरला नव्हता. आता नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. आधी काही नाही. मग तळापासून निळसर रंग चढत गेला. दुसऱ्या नळीत तेराव्याचं पाणी घेतलं, ते पाण्यासारखंच राहिलं.

मी तापमानाच्या नोंदींत मागे गेले. वरच्या टाकीतलं तापमान दर पाव तासाला आपोआप नोंदलं जातं. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी पावणेबारा ते साडेबारा, अर्ध्या अंशाची एक खाच. हीटर खाली, टाकी वर. वरचं पाणी गार होतं ते पंप बंद असतानाच. म्हणजे पाऊण तास. त्या गुडघ्यांनी त्यांनी पाऊण तास इथे खाली काढला होता.

खाली बघितलंस का?

ते प्रवाळांबद्दल विचारत नव्हते. मला ते दिसलं का, एवढंच विचारत होते. दहा दिवस.

बाबा रोज दुपारी कोपऱ्यावरच्या नळसामानाच्या दुकानात गप्पा मारायला जातात आणि दीडला येतात. तेव्हा बारा वाजले होते. मी पंप बंद केला. ड्रममधलं ताजं पाणी टबात ओतलं, हीटर त्यात टाकला, हवेची नळी सोडली आणि जे सात अजून पांढरे पडले नव्हते ते उचलून टबात ठेवले. पण हे प्रवाळ वाहत्या पाण्यातले आहेत. साचलेल्या टबात ते फार तर संध्याकाळपर्यंत टिकले असते. तोवर टाक्या धुऊन, पाइप साफ करून पाणी पुन्हा फिरायला हवं होतं आणि तो कॉक निघायला हवा होता. जमलं तर दीडच्या आत. नंतर काय सांगायचं तेही मी ठरवलं: पंप बदलला, नव्या पंपाला तो मापाचा नव्हता. तिसरं खोटं. एव्हाना माझा हात बसला होता.

टाक्या उपसल्या आणि पाना लावला. कॉक हलला नाही. दोन्ही हातांनी जोर केला तर सगळा पाइपच पिळवटायला लागला. पाय चौकटीला टेकवून ओढलं, पाना सटकला आणि बोटाचं साल निघालं. बाबांनी घट्ट केलेला जोड लोक वीस-वीस वर्षं उघडू शकत नाहीत, असं ते अभिमानाने सांगायचे. मी उठले आणि करवत आणली.

पाइप अर्धा कापून झाला होता तेव्हा मागून आवाज आला.

“जोड असा उघडतात?”

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांच्या पायांत अजून चपला होत्या.

“लवकर आलात?”

“दुकान बंद होतं. ते सोड. करवत? अगं, मला हाक मारायची. कॉकला एक ओरखडा पडला असता ना…” त्यांचं लक्ष टबाकडे गेलं. मग वरच्या रिकाम्या टाकीत राहिलेल्या पाच पांढऱ्या तुकड्यांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. “काय झालं?”

माझं वाक्य तयार होतं. नव्या पंपाला मापाचा नाही. मी तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर पडलं.

“बाबा, पितळ खारट पाण्यात विरघळतं. त्यातलं तांबं पाण्यात उतरलंय. त्याने हे मरतायत.”

ते मशीनच्या स्टुलावर बसले. आई आत आली होती, तिच्या हातात कापड होतं आणि ती दारातच थांबली.

“पितळेत तांबं असतं हे तू मला शिकवतेस?” ते हळूच म्हणाले. “एक्केचाळीस वर्षं लोक माझ्या पितळेतून पाणी पितायत. एक माणूस मेला नाही.”

“माणसाला चालतं. गोडं पाणी त्याला इतकं खात नाही. यांना थोडंसुद्धा चालत नाही.”

“थोडं म्हणजे किती?”

“सगळ्या नव्वद लिटरमध्ये मिळून वीस-बावीस मिलिग्रॅम. मिठाच्या थोड्याशा दाण्यांएवढं.”

त्यांनी चिमटीकडे बघितलं, जणू ते दाणे तिथे होते. आई म्हणाली, “अहो, कॉक गळत होता ना, मीच तर म्हटलं होतं फरशी ओली होते म्हणून—”

“तू गळतंय म्हणालीस. पितळ लावा असं नाही म्हणालीस.” मग मला, “गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून?”

“हो.”

“आणि तू आज बघितलंस.”

मी मान हलवली. त्यात आरोप नव्हता, नुसती बेरीज होती.

त्यांनी चपला काढल्या. “मग वेळ कशाला घालवतेस? सरक.”

“बाबा, गुडघे—”

“सरक म्हटलं ना.”

ते एका हाताने चौकट धरून टप्प्याटप्प्याने खाली गेले. आईने उशी सरकवली. “दोन पाने दे. एकाने धरायचं, एकाने फिरवायचं. तू एकाच पान्याने फिरवत होतीस, सगळी लाइन मोडली असतीस.” दोन झटके, आणि जो जोड मी अर्धा तास ओढत होते तो वळला. त्यांनी कॉक पुसला नाही की बघितला नाही. तसाच मागे माझ्या हातात दिला. तो अपेक्षेपेक्षा फार जड होता.

“पेटीत कापडात तुझा पांढरा कॉक आहे. आण.”

“ठेवलात तुम्ही?”

“मी काही फेकत नाही.” त्यांनी तो उघडला, आतली रबरी कडी नखाने काढली आणि उजेडात धरली. कडीखाली मिठाचा खडा अडकलेला होता. त्यांनी तो झटकला, कडी पालथी करून बसवली, फुंकून बघितलं. “पाच मिनिटांचं काम होतं,” मग म्हणाले. “एवढंच करायला पाहिजे होतं.”

आत्या दारातून डोकावली. काहीतरी फटकळ बोलायला तिने तोंड उघडलं, बाबांच्या पाठीकडे बघितलं आणि निमूटपणे बादली उचलून टाकी धुवायला घेतली.

पाणी साठच लिटर होतं, तिन्ही टाक्यांना पुरणार नव्हतं. बाबांनी कापलेला पाइप बदलला, एका टाकीकडे जाणारी फांदी टोपी लावून बंद केली आणि सगळं पाणी एकीकडेच फिरवलं. पावणेतीनला पंप सुरू झाला. मी तुकडे आत ठेवले. सात. बाबांना खालून उठायला दोघींनी हात द्यावा लागला.

शनिवारी दुपारपर्यंत सातातले आणखी दोन गेले.

मॅडम बरोबर चारला आल्या. हातात बर्फाच्या पेटीसारखी पेटी, तिच्यात सहा कप्पे. त्यांना आईने पाणी दिलं, त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि टाकीसमोर उभ्या राहिल्या. एक मिनिट. दोन. आठवा आणि अकरावा उघडे होते. दुसरा, पाचवा आणि बारावा मिटलेले, पण कातडी शाबूत.

“पाच,” त्या म्हणाल्या.

“आणि खिडकीत एक. ती कपची. ती पूर्ण चांगली आहे.”

“कारण?”

“तांबं. पाइपवर पितळी कॉक होता. माझं लक्ष—”

“तो मी बसवला,” बाबा म्हणाले. ते कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभे होते. “हिला न सांगता. जे काय बोलायचं ते मला बोला.”

मॅडम त्यांच्याकडे वळल्या, सावकाश, जशा त्या नेहमी वळतात. “कधी?”

“गेल्या आठवड्यात. मंगळवारी.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.” मग माझ्याकडे. “गुरुवारी सकाळी मी फोन केला तेव्हा किती मिटलेले होते?”

“चार.”

“तू म्हणालीस, ठीक आहेत.”

“हो.”

“चार मिटलेत म्हणाली असतीस तर मी पहिला प्रश्न हाच विचारला असता, धातूचं काही आहे का बघ. तीस वर्षांत हे मी तीनदा बघितलंय. तेव्हा बाराच्या बारा जिवंत होते.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “कॉकने सुरुवात केली. बाकीचं तुझ्या दोन शब्दांनी केलं.”

बाबा काहीतरी बोलायला पुढे झाले. आईने त्यांचा हात धरला. गणित बरोबर होतं.

मॅडम खिडकीपाशी गेल्या, भिंग मागितलं आणि तेराव्याकडे बराच वेळ बघितलं. “हिला मी फेकायला सांगितलं होतं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी पेटी उघडली. सहा कप्प्यांपैकी पाच रिकामेच ठेवले, सहाव्यात तेरावा ठेवला. “या पाचांना आता हलवलं तर मरतील. ते इथेच राहतील. रोज सकाळी सव्वासातला मला फोन करायचा. उघडे किती, मिटलेले किती. मला बरं वाटावं म्हणून आकडा सांगायचा नाही.”

दारात त्या थांबल्या. बाबांना म्हणाल्या, “ती पाइपची फांदी टोपी लावून बंद केलीत, ते चांगलं केलंत. आमच्याकडच्यांना सुचलं नसतं.” आणि जिना उतरल्या, एकेक पायरी, पेटी दोन्ही हातांत आडवी धरून.

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा बाबा आईच्या स्टुलावर बसून टाकीकडे बघत होते. वही त्यांच्या मांडीवर होती, पण त्यांनी तिच्यात काही लिहिलं नव्हतं.

मी फोन लावला.

“मॅडम, आठ उघडा, अकरा उघडा. बारा मिटलेला. दोन मिटलेला.”

“पाच?”

बाबांनी घाईने बोट काचेवर ठेवलं. “हलला,” ते कुजबुजले. “आत्ता हलला. उघडतोय म्हण.”

मी भिंग घेतलं आणि वाकले. पाचव्याची कातडी घट्ट होती, रंग चांगला होता. एका बिळाच्या कडेला बारीक काहीतरी दिसत होतं. तो हात असेल. पाण्यातला धागाही असेल. मी श्वास रोखून दहापर्यंत मोजलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

“पाच मिटलेला,” मी म्हणाले.

बाबांनी बोट खाली घेतलं. पलीकडे पेन कागदावर घासल्याचा आवाज आला.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. आणि मग, “इकडे तेरावा उघडा आहे.”